बाजू दुप्पट झाल्यावर क्षेत्रफळ चौपट का होते?

विचारलेला प्रश्न तीन भागांत आहे. पहिला भाग असा : समरूप त्रिकोणांच्या क्षेत्रफळांचे गुणोत्तर त्यांच्या संगत बाजूंच्या वर्गांच्या गुणोत्तराएवढे असते, हे प्रमेय पाठ आहे आणि आयताच्या बाबतीत ते पटतेही, कारण तिथे लांबी आणि रुंदी दोन्ही वाढतात, पण ज्या आकृतीला लांबी-रुंदी असे काही नाहीच, तिच्या क्षेत्रफळात वर्ग कुठून येतो? दुसरा भाग एका उदाहरणाचा आहे. त्रिकोण अबक मध्ये रेख डइ ही बाजू बक ला समांतर आहे आणि अड : डब हे गुणोत्तर २ : ३ आहे, तर वरचा लहान त्रिकोण आणि खालचा समलंब चौकोन यांच्या क्षेत्रफळांचे गुणोत्तर ४ : ९ का येत नाही? तिसरा भाग असा, की क्षेत्रफळ नेमके दुप्पट हवे असेल तर बाजू किती वाढवावी?

मी अनेक वर्षे भूमिती शिकवत आलो आहे आणि हे तिन्ही प्रश्न मला दरवर्षी या ना त्या रूपात भेटतात. माझ्या अनुभवाप्रमाणे तिन्हींच्या मुळाशी एकच गैरसमज असतो, तो म्हणजे वर्ग हा सूत्रातून येतो असे मानणे. तो सूत्रातून येत नाही. क्षेत्रफळ मोजण्याच्या रीतीतच तो दडलेला आहे, आणि म्हणूनच ज्या आकृतीसाठी कोणतेही सूत्र उपलब्ध नाही तिलाही तो लागू पडतो.

सूत्र नसलेली आकृतीच आधी घेऊ. एखाद्या झाडाचे पान आलेख कागदावर ठेवून त्याची कडा पेन्सिलीने गिरवली आहे आणि कागदावर एक सेंटिमीटरचे चौरस आहेत असे समजा. कडेच्या आत पूर्णपणे सामावलेले चौरस मोजले ते ३७ भरले आणि कडा ज्यांच्यातून जाते असे अर्धेमुर्धे चौरस २२ निघाले. म्हणजे पानाचे क्षेत्रफळ ३७ चौरस सेंटिमीटरपेक्षा जास्त आणि ५९ पेक्षा कमी आहे, एवढे निश्चित झाले. आता हा संपूर्ण कागद, पानाच्या कडेसकट आणि छापील चौरसांसकट, सर्व दिशांनी तिप्पट मोठा केला आहे अशी कल्पना करा. आतल्या चौरसांची संख्या बदलेल का? नाही. आतले चौरस ३७ च राहतील आणि कडेवरचे २२ च राहतील, कारण चित्र तेच आहे. बदलला तो एकेक चौरस. आधी ज्याची बाजू एक सेंटिमीटर होती त्याची आता तीन सेंटिमीटर झाली आणि त्याच्या पोटात एक सेंटिमीटरचे नऊ चौरस मावू लागले. त्यामुळे मोठ्या पानाचे क्षेत्रफळ ३७ च्या नऊपट, म्हणजे ३३३ पेक्षा जास्त, आणि ५९ च्या नऊपट, म्हणजे ५३१ पेक्षा कमी असणार.

ही मर्यादा फार ढोबळ आहे असे कोणी म्हणेल आणि ते बरोबरच आहे. पण मूळ कागदावर एक मिलिमीटरचे चौरस घेतले तर कडेवरच्या चौरसांनी व्यापलेली जागा पुष्कळ कमी होते, त्याहून बारीक घेतले तर आणखी कमी होते, आणि आतली व बाहेरची मोजणी एकाच संख्येकडे सरकत जाते. चौरस कितीही बारीक घेतले तरी प्रत्येक टप्प्यावर मोठ्या आकृतीची मोजणी लहान आकृतीच्या मोजणीच्या नऊपटच असते, म्हणून प्रत्यक्ष क्षेत्रफळेही नऊपटच असली पाहिजेत. पानाला लांबी-रुंदी नसली तरी पान मोजणाऱ्या चौरसाला ती असते, आणि वर्ग तिथून येतो. बाजूंचे प्रमाण तीनऐवजी ‘न’ ही कोणतीही संख्या मानली तर प्रत्येक चौरस न गुणिले न इतका होतो. सगळे कारण एवढेच आहे.

या युक्तिवादात एक गोष्ट गृहीत धरली आहे, आणि तिच्याकडे लक्ष दिल्याशिवाय पुढे जाऊ नये. मोठे केल्यावर चौरसाचा चौरसच राहिला. सर्व दिशांना सारखेच ताणले तरच हे घडते. कागद फक्त आडव्या दिशेने तिप्पट ताणला, तर प्रत्येक चौरसाचा तीन गुणिले एक असा आयत होईल आणि क्षेत्रफळ नऊपट न होता तिप्पटच होईल. वर्तुळ असे ताणले तर त्याचे लंबवर्तुळ होते आणि त्याचे क्षेत्रफळही वर्तुळाच्या बरोबर तिप्पट भरते. एका दिशेने प पट आणि तिच्या लंब दिशेने फ पट ताणले तर क्षेत्रफळ प गुणिले फ पट होते. समरूपता म्हणजे प आणि फ समान असण्याची स्थिती, आणि अशा वेळी त्या गुणाकाराचा वर्ग होतो.

आता त्रिकोणाकडे येऊ. पाठ्यपुस्तकातली सिद्धता क्षेत्रफळ म्हणजे पाया गुणिले उंचीच्या निम्मे या सूत्रावर उभी असते. पाया न पट झाला हे दिलेलेच आहे; उंचीसुद्धा न पटच होते हे मात्र सिद्ध करावे लागते, आणि नेमकी हीच पायरी विद्यार्थी गाळतात. उंचीचा लंब टाकला की दोन्ही त्रिकोणांत एकेक लहान काटकोन त्रिकोण तयार होतो. त्यांच्यात काटकोन समान असतो आणि मूळ त्रिकोणांच्या समरूपतेमुळे पायाजवळचा कोनही समान असतो, म्हणून कोको कसोटीने (दोन कोन समान असले की त्रिकोण समरूप, या नियमाने) तेही परस्परांशी समरूप ठरतात, आणि म्हणून उंचींचे गुणोत्तर बाजूंच्या गुणोत्तराएवढेच येते. उत्तरपत्रिकेत ‘उंचीही त्याच प्रमाणात वाढते’ असे नुसते विधान दिसले की मी तिथे गुण कापतो, कारण प्रमेयाचा प्राण त्या एका पायरीत आहे. उंचीबरोबरच मध्यगा, परिमिती, अंतर्वर्तुळाची त्रिज्या अशी आकृतीतली प्रत्येक लांबी न पटच होते. म्हणून दोन समरूप त्रिकोणांची क्षेत्रफळे २५ : ३६ असतील आणि लहानाची परिमिती ४० असेल, तर एकही बाजू माहीत नसताना मोठ्याची परिमिती ४८ आहे असे सांगता येते.

वर्तुळाबद्दल तर अगदी उलटी समजूत रूढ आहे. क्षेत्रफळाचे सूत्र ‘पाय गुणिले त्रिज्येचा वर्ग’ असे आहे म्हणून त्रिज्या दुप्पट केल्यावर क्षेत्रफळ चौपट होते, असे सांगितले जाते. वास्तविक कोणतीही दोन वर्तुळे समरूप असतात, म्हणून त्यांची क्षेत्रफळे त्रिज्यांच्या वर्गांच्या प्रमाणात असतात. आणि ती तशी असतात म्हणूनच क्षेत्रफळाला त्रिज्येच्या वर्गाने भागले असता सगळ्या वर्तुळांसाठी एकच संख्या मिळते. त्या संख्येला आपण पाय म्हणतो. इसवी सनापूर्वी सुमारे ३०० च्या काळात युक्लिडने आपल्या ग्रंथाच्या बाराव्या भागातील दुसऱ्या प्रमेयात वर्तुळांची क्षेत्रफळे व्यासांवरील चौरसांच्या प्रमाणात असतात हे सिद्ध केले, आणि त्या सिद्धतेत पायची किंमत कुठेही लागत नाही. समरूप त्रिकोणांचे प्रमेय त्याच ग्रंथाच्या सहाव्या भागात एकोणिसावे आहे आणि लगेच पुढच्या, विसाव्या प्रमेयात तेच सर्व समरूप बहुभुजाकृतींसाठी सिद्ध केले आहे.

आता दुसरा प्रश्न. अड : डब = २ : ३ असताना ४ : ९ हे उत्तर दोन कारणांनी चुकते. वर्गाचा नियम समरूप आकृत्यांसाठी आहे. इथे समरूप आहेत ते त्रिकोण अडइ आणि त्रिकोण अबक. खालचा समलंब चौकोन यांपैकी कोणाशीच समरूप नाही, तेव्हा त्याला हा नियम थेट लावता येणार नाही. शिवाय समरूप त्रिकोणांच्या संगत बाजू अड आणि अब या आहेत. डब ही कोणत्याच त्रिकोणाची पूर्ण बाजू नाही. अड दोन भाग आणि डब तीन भाग, म्हणजे अब पाच भाग. त्यामुळे लहान आणि मोठ्या त्रिकोणांच्या क्षेत्रफळांचे गुणोत्तर ४ : २५, उरलेला समलंब चौकोन २१ भागांचा, आणि मागितलेले गुणोत्तर ४ : २१. संपूर्ण त्रिकोणाचे क्षेत्रफळ ७५ असेल तर वरचा तुकडा १२ आणि खालचा ६३ होईल.

हे उत्तर डोळ्यांनी पाहायचे असेल तर एक आकृती स्वतःच्या हाताने काढावी, असे मी आग्रहाने सांगतो. मोठ्या त्रिकोणाच्या तिन्ही बाजूंचे प्रत्येकी पाच समान भाग करा आणि विभाजन बिंदूंमधून तिन्ही बाजूंना समांतर रेषा काढा. संपूर्ण त्रिकोण एकरूप अशा चिमुकल्या त्रिकोणांनी भरून जाईल. शिरोबिंदूकडून खाली येत ओळींमधले त्रिकोण मोजा : पहिल्या ओळीत १, दुसरीत ३, तिसरीत ५, चौथीत ७, पाचवीत ९. यांतले काही त्रिकोण उलटे आहेत, म्हणून पहिल्यांदा मोजताना ते हमखास सुटतात. पहिल्या दोन ओळींची बेरीज ४, खालच्या तीन ओळींची बेरीज ५, ७ आणि ९ मिळून २१, आणि एकूण २५. एकापासून सुरू होणाऱ्या क्रमवार विषम संख्यांची बेरीज पूर्ण वर्ग असते, ही संख्यांची गोष्ट आणि समरूप त्रिकोणांचे प्रमेय ही भूमितीची गोष्ट इथे एकाच चित्रात दिसतात. फळ्यावर हे चित्र काढल्यानंतर वर्गात जी शांतता पसरते ती मला अजूनही फार आवडते.

याच ठिकाणी आणखी एका गल्लतीबद्दल लिहायला हवे. दोन त्रिकोणांची उंची समान असेल तर त्यांची क्षेत्रफळे पायांच्या प्रमाणात असतात. इथे वर्ग येत नाही, कारण आकृती एकाच दिशेने ताणली गेली आहे. त्रिकोण समरूप असतील तर वर्ग येतो. हे दोन्ही नियम एकाच आकृतीत लागतात तेव्हा गोंधळ होतो. समलंब चौकोन कखगघ मध्ये बाजू कख आणि बाजू घग समांतर आहेत, त्यांच्या लांब्या २ आणि ३ आहेत, आणि कर्ण कग व कर्ण खघ हे परस्परांना बिंदू म मध्ये छेदतात. समांतर बाजूंवरचे त्रिकोण कमख आणि गमघ समरूप आहेत, म्हणून त्यांची क्षेत्रफळे ४ : ९. पण त्रिकोण कमख आणि त्रिकोण खमग यांचे पाये कम आणि मग हे एकाच कर्णावर आहेत, शिरोबिंदू ख सामाईक आहे, म्हणून उंची एकच आहे. तेव्हा त्यांची क्षेत्रफळे कम : मग म्हणजे २ : ३ या प्रमाणात असणार. पहिल्याचे क्षेत्रफळ ४ मानले तर दुसऱ्याचे ६. दुसऱ्या बाजूचा त्रिकोण कमघ याच रीतीने ६ निघतो. चारही तुकडे ४, ६, ६ आणि ९, एकूण २५, म्हणजेच २ आणि ३ यांच्या बेरजेचा वर्ग. समांतर बाजू कोणत्याही असल्या तरी हे असेच जुळते, हे वाचकांनी अक्षरे घेऊन जरूर करून पाहावे.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर उलट्या वाटेने मिळते : क्षेत्रफळ दुप्पट हवे असेल तर ज्या संख्येचा वर्ग २ आहे तितक्या पटीने, म्हणजे २ च्या वर्गमुळाने, सुमारे १.४१४ ने बाजू गुणावी. बाजू दीडपट केली तर क्षेत्रफळ २.२५ पट होऊन अंदाज चुकतो. हे हातांनी अनुभवायचे असेल तर चौरस कागद घ्या आणि त्याचे चारही कोपरे मध्यबिंदूशी दुमडा. नवा, तिरका चौरस तयार होईल. दुमडलेल्या चार पाळ्या खालचा कागद तंतोतंत झाकतात, कुठे फट राहत नाही आणि कुठे एकावर एक येत नाही. म्हणजे नव्या चौरसाचे क्षेत्रफळ मूळ चौरसाच्या बरोबर निम्मे आहे. त्याची बाजू मोजा. मूळ कागदाची बाजू २० सेंटिमीटर असेल तर ती १० भरणार नाही, सुमारे १४.१ भरेल.

छपाईच्या कागदांची मापे याच संख्येवर बेतलेली आहेत. ए० कागदाचे क्षेत्रफळ एक चौरस मीटर ठरवलेले असून त्याची मापे ८४१ गुणिले ११८९ मिलिमीटर आहेत. तो लांबीत निम्मा केला की ए१, तो निम्मा केला की ए२, आणि असे करत २१० गुणिले २९७ मिलिमीटरचा ए४ येतो. प्रत्येक निम्मा कागद मूळ कागदाशी समरूप राहावा यासाठी लांबी आणि रुंदी यांचे गुणोत्तर २ चे वर्गमूळच असावे लागते. म्हणूनच झेरॉक्सच्या यंत्रावर ए४ चा ए३ करताना २०० टक्के नव्हे तर १४१ टक्के हा आकडा दिसतो : यंत्र बाजूंचे प्रमाण दाखवते आणि कागदाचे क्षेत्रफळ त्यामुळे दुप्पट होते.

शेकड्यांच्या उदाहरणांतही हीच दक्षता लागते. बाजू १० टक्के वाढवल्यास क्षेत्रफळ २१ टक्के वाढते, आणि बाजू १० टक्के कमी केल्यास ते १९ टक्के घटते. दोन्हीकडे २० टक्के लिहिणे ही फार सामान्य चूक आहे. वाढ एखाद्या टक्क्याची असेल तर मात्र दुप्पट म्हणणे व्यवहारात चालते, कारण नेमके उत्तर २.०१ टक्के येते.

नियम लावण्याआधी आकृत्या खरोखरच समरूप आहेत का, हे तपासावे. २० गुणिले ३० सेंटिमीटरच्या चित्राभोवती सगळीकडून ५ सेंटिमीटर रुंदीची पट्टी लावली तर बाहेरचा आयत ३० गुणिले ४० चा होतो. बाजू समांतर आहेत, कोन समान आहेत, पट्टी एकसारखी आहे, तरीही हे आयत समरूप नाहीत, कारण एक बाजू दीडपट झाली आणि दुसरी फक्त एक पूर्णांक एक तृतीयांश पट. क्षेत्रफळ ६०० वरून १२०० झाले, आणि दीड गुणिले एक पूर्णांक एक तृतीयांश हा गुणाकार बरोबर २ येतो. त्रिकोणाभोवती अशीच समान पट्टी लावली तर बाहेरचा त्रिकोण आतल्या त्रिकोणाशी समरूपच असतो, कारण त्रिकोणाचा आकार कोनांनीच ठरतो. चौकोनाचा ठरत नाही.

नकाशाबद्दल थोडक्यात. १ : ५०,००० या प्रमाणाच्या नकाशावर एक सेंटिमीटर म्हणजे ५०० मीटर, म्हणून एक चौरस सेंटिमीटर म्हणजे २,५०,००० चौरस मीटर, अर्थात २५ हेक्टर. नकाशावर ६ चौरस सेंटिमीटर व्यापणारा तलाव प्रत्यक्षात १५० हेक्टरांचा असतो. वर्ग विसरून ६ ला ५०,००० ने गुणले तर ३० चौरस मीटर, म्हणजे एका खोलीएवढा तलाव मिळतो. उत्तराकडे एकदा नीट पाहिले तरी चूक ध्यानात येते. एककांचे रूपांतरही याच जातीचे आहे : मीटरमध्ये १०० सेंटिमीटर, म्हणून चौरस मीटरमध्ये १०,००० चौरस सेंटिमीटर.

या प्रमेयाची खरी ताकद मला दोन ठिकाणी जाणवते. काटकोन त्रिकोणात काटकोनाच्या शिरोबिंदूतून कर्णावर लंब टाकला की त्रिकोणाचे दोन तुकडे होतात आणि ते दोन्ही मूळ त्रिकोणाशी समरूप असतात. या दोन तुकड्यांचे कर्ण म्हणजे मूळ त्रिकोणाच्या काटकोन करणाऱ्या बाजूच होत. तिन्ही त्रिकोणांची क्षेत्रफळे आपापल्या कर्णांच्या वर्गांच्या प्रमाणात आहेत आणि दोन तुकडे मिळून पूर्ण त्रिकोण होतो; तेव्हा दोन बाजूंच्या वर्गांची बेरीज कर्णाच्या वर्गाएवढी असलीच पाहिजे. पायथागोरसचे प्रमेय एवढ्यात सिद्ध झाले. ३, ४, ५ बाजूंच्या त्रिकोणात क्षेत्रफळ ६ आहे आणि तुकडे २.१६ व ३.८४ आहेत.

दुसरे ठिकाण पुन्हा समलंब चौकोनाचे. त्याच्या समांतर बाजू ७ आणि १७ आहेत. त्यांना समांतर अशी रेषा काढून त्याचे दोन समान क्षेत्रफळांचे भाग करायचे आहेत, तर त्या रेषाखंडाची लांबी किती? दोन्ही बाजूंची सरासरी १२ हे उत्तर चूक आहे, कारण उंचीच्या मध्यावर काढलेल्या रेषेने मोठ्या बाजूकडचा तुकडा मोठाच राहतो. तिरप्या बाजू वाढवून एका बिंदूत मिळवा, म्हणजे एकाच शिरोबिंदूचे, ७, अज्ञात लांबी आणि १७ या पायांचे तीन समरूप त्रिकोण मिळतील. त्यांची क्षेत्रफळे ४९, अज्ञात लांबीचा वर्ग आणि २८९ या प्रमाणात असल्यामुळे मधला वर्ग ४९ आणि २८९ यांच्या बरोबर मध्ये, म्हणजे १६९ हवा, आणि लांबी १३. मेसोपोटेमियातील सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या मातीच्या पाट्यांवर नेमके हेच ७, १३ आणि १७ हे आकडे सापडतात. २८९ मधून १६९ गेले की १२० उरतात, आणि १६९ मधून ४९ गेले तरी १२० च उरतात.